बिरोबाच्या लिंबाची पहिली डहाळी

सुनेनं सासूला चार माणसांत शिकवू नये, एवढी साधी गोष्ट पूनमला कळत नव्हती, असं धुरपदाबाईचं म्हणणं होतं. दौंडला झाडांच्या रोगांचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आल्यापासून पोरीचं बोलणंच बदललं होतं. कुणी कोयता उचलला की ही स्पिरिटचा बोळा घेऊन मागं. पाडव्याच्या आदल्या दिवशी तर शेजारच्या गिताबाईदेखत म्हणाली, "आत्याबाई, नदीकडच्या लिंबाला रोग हाय. त्याला लावलेला कोयता पुसल्याबिगर बिरोबाच्या लिंबाला लावू नका."

"कोयत्याला न्हाऊ घालायला तो काय नवरदेव हाय?" धुरपदाबाई म्हणाली, आणि गिताबाई पोट धरून हसली.

त्याला सव्वा महिना झाला. आज वडगाव रासाईत बिरोबाच्या पारावर सगळ्या गावाचं ट्रेनिंग होतं. दौंडचे अनिस सर आले होते. धुरपदाबाई अगदी पुढं बसली होती. मागं बसायची तिच्या घराण्याला सवय नव्हती.

सरांनी एक वाळकी फांदी उचलून दाखवली. "हा रोग शेंड्यापासून खाली उतरतो. आजारी झाड छाटलं आणि त्याच पात्यानं चांगल्या झाडाला हात घातला, तर रोग आपणच नेला म्हणायचा."

धुरपदाबाई पदर सारखा करत होती, तो हात तिथंच थांबला. पाडव्याच्या पहाटे शेळ्यांना पाला हवा म्हणून तिनं नदीकडचा लिंब छाटला होता, आणि तोच कोयता घेऊन थेट इथं आली होती. गुढ्यांना लागणारा लिंब सगळं गाव याच झाडाचा नेई. पहिली डहाळी तोडायचा मान मात्र तिच्या घरातल्या थोरल्या बाईचा. मेंढरांमागं फिरणाऱ्या तिच्या आजेसासूनं हे झाड लावलं, तेव्हापासूनची ही रीत. तो मान उरकेपर्यंत दुसरं कुणी पाराकडं फिरकत नसे, सुनासुद्धा घरीच थांबत. कुठली फांदी तोडली ते एक तिला ठाऊक, एक बिरोबाला.

तिनं हळूच वर पाहिलं. मावळतीच्या फांदीचे शेंडे तांबूस पडले होते, पानं वळून मुडपली होती. बिरोबा कोपला तर तिच्यावर कोपेल, का घरातल्या लेकरांवर? तिनं नजर खाली घातली ती वर करायची हिंमतच होईना.

"या झाडालाही लागलंय," सर म्हणाले. "तीन-चार फांद्यांचे शेंडे वाळलेत. काही नुसत्या उन्हानंही वाळले असतील. आजारी कोयता नेमका कुठं लागला ते कळलं, तर तेवढी फांदी कापून जाळू, वर मोरचूद-चुना लावू. झाड वाचेल. नाही कळलं तर सगळ्या फांद्या छाटून झाडाचा खराटा करावा लागेल. या उन्हात म्हातारं खोड तग धरेल असं मला वाटत नाही."

"कुणाचा कोयता?" ज्ञानू पुजाऱ्यानं विचारलं.

गिताबाईनं वळून धुरपदाबाईकडं पाहिलं. आता ही पाडव्याआधीचं बोलणं सांगणार, असं धुरपदाबाईला वाटलं.

तेवढ्यात पूनम उभी राहिली. "माझा. पाडव्याच्या दुपारी मीच आले व्हते. पुसायचा राह्यला."

"व्वा गं ट्रेनिंगवाली," ज्ञानू म्हणाला. मागं दोघं-तिघं हसले. पूनमचे कान लाल झाले.

"कुठली फांदी?" सरांनी विचारलं.

पूनमनं वर पाहिलं, जरा घुटमळली, आणि उगवतीच्या फांदीकडं बोट केलं. तिथंही दोन शेंडे वाळलेले होते.

सुटले, असं धुरपदाबाईच्या मनात आलं, आणि त्या सुटण्याचीच तिला जास्त भीती वाटली. ज्ञानूनं शिडी उगवतीला लावली. आता ही चांगली फांदी जाणार. सगळे हात झटकून घरी जाणार. आणि तिनं लावलेला रोग मावळतीकडून एकेक वीत खाली उतरत राहणार, खोडापर्यंत. हे रोज देवाला जाताना बघायचं, तेही तोंड मिटून. कोयत्याचा पहिला घाव बसला. पारावर हात टेकून ती उठली.

"ज्ञानू, शिडी काढ तिथनं."

मग ती सुनेकडं वळली. आवाज शेवटच्या माणसाला ऐकू जात होता.

"पूनम, कोयता माझा, हात माझा, आन् फांदी ती मावळतीची. तू सांगितलं व्हतंस, मी ऐकलं न्हाई. पर आज तू माझ्यापरीस वाईट वागलीस. मी गुर्मीत झाडाला रोग लावला. तू शिकलीसवरलेली, ठावं नसताना फांदी दावलीस, सासूची अब्रू झाकायला. अब्रू माझी हाय. ती ठेवायची का घालवायची, ते मी बघंन."