सुंगुडीची नायटी

महालक्ष्मीअक्कांचा उजवा खांदा केव्हाच बरा झाला होता, आणि त्यांनी घरात कुणाला याचा पत्ता लागू दिला नव्हता. मुलगा शेषाद्री समोर असला की हात पोटाशी धरायचा आणि उठता-बसता बारीक कण्हायचं. तो एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसात आणि सून श्रीविद्या बँकेत गेली, की त्याच हाताने वरच्या फळीवरचा मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा काढायचा. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाई असं सोंग उगीच करत नाही. अक्कांना नायटी सोडायची नव्हती.

आता अक्का आणि नायटी हे कसं जमलं, ते सांगायला हवं. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या, लग्न झाल्यापासून नऊवारी नेसत आलेल्या. अंबत्तूरच्या त्या अपार्टमेंटमध्ये नऊवारी नेसणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या, आणि त्यांना त्याचा भारी तोरा होता. शेषाद्रीला तर त्याहून जास्त. घरी कुणी आलं की तो आईला बाहेरच्या खोलीत बोलवायचा आणि पाहुण्यांना तिच्या निऱ्या दाखवायचा.

इमारतीतल्या बाकीच्या बाया नायटीत असायच्या. चेन्नईतली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. घरात नायटी, आणि बेल वाजली की खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर. एकदा टॉवेल खांद्यावर पडला की बाई नीट अंगभर नेसून आली असं समजायचं, मग तो टॉवेल नेमकं काय झाकतो हे विचारायचं नाही. अक्का मात्र विचारायच्या. बाल्कनीत उभ्या राहून नाक मुरडायच्या, आणि असोसिएशनचा सेक्रेटरी असलेल्या शेषाद्रीच्या मागे त्यांनी असा लकडा लावला, की शेवटी लिफ्टच्या दाराशी तमिळ आणि इंग्रजीत पाटी लागली. स्त्रियांनी नायटी घालून लिफ्टमध्ये, जिन्यात व आवारात वावरू नये. तेव्हापासून कचऱ्याची गाडी शिट्टी वाजवायची तेव्हा बाया आत चुडीदार चढवत असायच्या, आणि बादली घेऊन खाली येईपर्यंत गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असायची. बायांनी मनातल्या मनात कुणाकुणाला शिव्या घातल्या असतील, ते आपण समजून घ्यावं.

मग ऐन मे महिन्यात, कत्तिरीच्या उन्हात अक्का न्हाणीघरात घसरल्या आणि खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात आला. नऊवारीचा कासोटा मागे खोचायला दोन हात लागतात, आणि श्रीविद्याला सहावारीसुद्धा पिना लावल्याशिवाय जमत नव्हती. पहिल्या दिवशी तिने यूट्यूब लावून सासूला नऊवारी नेसवली. अक्का देवघरापर्यंत चालल्या आणि साडी मागेच राहिली. दुसऱ्या दिवशी बँकेची वेळ टळत होती, तेव्हा श्रीविद्याने आपली एक समोरून उघडणारी नायटी आणली आणि काही न बोलता अक्कांच्या अंगात चढवली. अक्का रडल्या. आतल्या खोलीचं दार लावून बसल्या आणि जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला तशी अक्कांनी खिडकी उघडली, आणि खिडकीतून आलेला वारा नायटीच्या घेरातून थेट वर शिरला. अक्का चपापल्या. मग त्यांनी हळूच एक पाय थोडा बाजूला केला. वारा अजून आला. कमरेला गाठ नव्हती, पोटावर निऱ्यांचा गठ्ठा नव्हता. कमरेभोवती साठ वर्षांचा काळा वळ होता, तो गाठीखाली उन्हाळाभर चुरचुरायचा. आज तो गप्प होता. अक्कांनी खोलीत एक फेरी मारली, मग दुसरी मारली. कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्या गर्रकन फिरल्या, घेर फुलला, आणि त्यांना एकटीलाच हसू फुटलं. इतकं सुख अंगाला लागतं आणि आपण आजवर बाल्कनीतून नाक मुरडत होतो, असं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी लगेच मनातच दाबून टाकलं.

पण सुख दाबून राहत नाही. चारच दिवसांनी खाली कीरैवाली, म्हणजे पालेभाजीवाली बाई ओरडली. ताजी मुळैकीरै आहे म्हणाली, आणि अक्का जिन्यावरून अर्ध्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नायटीतच आहोत, आणि खांद्यावर टॉवेलही नाही. पूर्वी खाली जायचं म्हणजे घरातली साडी सोडून बाहेरची नेसायची. ते सगळं करेपर्यंत भाजीही जायची आणि उत्साहही. गेली काही वर्षं अक्का शुक्रवारच्या देवळाखेरीज बाहेर पडेनाशा झाल्या होत्या. आता दार उघडलं की त्या बाहेर. भाजीला जायच्या, पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जायच्या, काही काम नसलं तरी आवारातल्या बाकावर जाऊन बसायच्या. शेजाऱ्यांनी पाटीकडे बोट दाखवलं तेव्हा शेषाद्रीने हात जोडले. "अम्माचं वेगळं आहे. दुखणं आहे. मेडिकल." त्यामुळे अक्कांना नायटीही मिळाली आणि मानही तसाच राहिला.

त्या बाकावरच त्यांची विमलाशी गट्टी जमली. विमला सोलापूरची. तिचा नवरा उमाकांत जवळच्याच आवडी गावातल्या रणगाडा कारखान्यात नोकरीला, आणि तळमजल्यावरच्या तिच्या घरात एक शिवणयंत्र होतं. ती नायटीला गाऊन म्हणायची आणि अक्कांची जुनी मराठी ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. एक दिवस अक्कांनी आपल्या नायटीची बाही चिमटीत धरून तिच्यापुढे केली.

"हे कसलं कापड गं विमला? घाम पीत नाही, कांही नाही. आणि ही फुलं बघ, एकेक फूल थाळ्याएवढं. नायटी चांगली, कापड वाईट. असं कां?"

"बाजारात असलीच मिळतात, अक्का. कोण लक्ष देतंय गाऊनकडं? घरातच घालायचाय म्हणून कसलंही कापड मारतात."

अक्का उठल्या, वर गेल्या, आणि काखेत एक घडी घेऊन खाली आल्या. मदुरैची सुंगुडी होती, जांभळ्या रंगाची, बांधणीच्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांची, आणि काठ हिरवा. सगळी नऊ वार. धुऊन धुऊन कापड असं मऊ झालं होतं की हातात धरताच घसरत होतं.

"ही घे. हिची नायटी कर."

विमलाने साडी पलंगावर पसरली, खडूने खुणा केल्या, कात्री उचलली आणि थांबली. "अक्का, खरंच कापू?"

ही साडी नेसून त्यांनी शेषाद्रीला पाळण्यात घातलं होतं. पण वर कपाटात ती तशीच पडून राहिली असती. "काप गं. बघत काय बसतीस."

कात्री चालली. मग त्या दोघींना जो चेव आला, तो संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत उतरला नाही. हिरवा काठ खाली घेराला घ्यायचा ही अक्कांची कल्पना. पदराचं कापड छातीवर आणि उरलेल्या काठाची कॉलर, ही विमलाची. शिवता शिवता विमला म्हणाली, दोन्ही बाजूंना खिसे ठेवू का? अक्कांनी आयुष्यात कधी खिसा वापरला नव्हता. किल्ली कमरेला, पैसे बटव्यात, आणि रुमाल कुठेतरी खोचलेला. नायटी अंगात घालून त्यांनी दोन्ही हात दोन्ही खिशांत घातले आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. पोरीसारखा चेहरा झाला होता त्यांचा. बांधलेला हात खिशात कसा गेला, हे त्या वेळी दोघींच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का कीरै घ्यायला उतरल्या आणि खाली गर्दी झाली. हे काय आहे, कुठून आणलं, फ्रॉक म्हणायचा की गाऊन, असं करत बाया त्यांच्याभोवती फिरू लागल्या. एकीने काठ चाचपला, एकीने विचारल्याशिवाय खिशात हात घातला. समोरच्या शाळेतली एक टीचर स्कूटर थांबवून विचारून गेली. महिन्याभरात विमलाच्या दाराशी बाया कपाटं रिकामी करून येऊ लागल्या. आईची चेट्टिनाड, आत्याची कोइंबतूर कॉटन, सासूने दिलेली आणि कधीच न आवडलेली. टी. नगरच्या एका दुकानात तर तिघी गेल्या आणि सुंगुडी घेताना काठ घेराला पुरेल का, असं मोजून विचारू लागल्या. विक्रेता बिचारा पदर उलगडून दाखवत राहिला आणि यांना पदराची पडलेलीच नव्हती. विमलाने दुसरं यंत्र घेतलं. यामिनी म्हणून एक शेजारीण खिसे शिवायला तिच्या मदतीला येऊन बसू लागली.

एवढं सगळं झालं, पण लिफ्टजवळची पाटी होती तिथेच होती. इतक्या सुंदर नायट्या शिवून बाया त्या स्वयंपाकघरात घालून फिरत होत्या. आवारात येण्याची मुभा एकट्या अक्कांना होती, कारण त्यांना दुखणं होतं.

आणि दुखणं तर संपलं होतं. डॉक्टरांकडे अक्का विमलाबरोबर ऑटोने गेल्या. डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला, हाड छान जुळलंय म्हणाले आणि पट्टी फेकून दिली. निघताना अक्कांनी ती पट्टी कचऱ्याच्या डब्यातून उचललेली विमलाने पाहिली. घराच्या दाराशी अक्कांनी ती परत गळ्यात घातली.

"अक्का, हे काय?"

"शेषाद्रीने सांगटलंय, खांदा बरा जाला की नवरात्रांत गोलूला नवी नऊवारी घेतो म्हणून. आणि या नायट्या कामवालीला देऊन टाक म्हणतो. मग मी काय करूं?"

"सांगा की, मला गाऊनच आवडतो. आणि एकदा तुम्ही तोंड उघडलंत ना, तर ती पाटीबी जाईल. आम्ही पन्नासदा बोललो, कोण ऐकतंय?"

"पाटी मीच लावायला लावली गं. आतां कुठल्या तोंडाने काढ म्हणूं? लोक म्हणतील, म्हातारीला आवडली म्हणून नियम फिरवला." अक्कांना विमलाकडे बघवेना, म्हणून त्या हात पोटाशी धरून लिफ्टमध्ये शिरल्या.

आणि मग रविवारी संध्याकाळी असोसिएशनची सभा भरली. खालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाया नियमाप्रमाणे साड्या आणि चुडीदारात, पुरुष निवांत लुंगी आणि अर्ध्या चड्डीत. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. जांभळी सुंगुडी अंगावर, हात गळ्यात. अक्कांच्या यजमानांनी, गुंडोरावांनी, फ्लॅट घेतानाच तो बायकोच्या नावावर केला होता. ते गेल्यावरही या घराचं मत अक्कांचंच होतं, एरवी ते शेषाद्री सांगेल तिकडे जायचं.

पाण्याच्या लॉरीचं झालं, लिफ्टच्या दुरुस्तीचं झालं, आणि विमला उठली. तिच्या तमिळला सोलापूरचा वास येत होता, पण जे बोलायचं ते ती नीट बोलली. पाटी काढावी, असा तिचा ठराव. शेषाद्रीने शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हे इथे सांगायला हवं. "इमारतीला एक शिस्त असते," तो म्हणाला. "ज्यांना अडचण आहे त्यांना आपण सूट देतोच. माझ्या आईलाच बघा. आयुष्यभर नऊवारीत राहिलेली बाई, नाइलाजाने या कपड्यात बसलीय. तिला काय वाटत असेल, याचा विचार करा. खांदा बरा झाला की ती एक दिवस हा कपडा घालणार नाही."

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. कुणी हळहळलंही. अक्कांची मान खाली गेली. या कपड्यात मला काय वाटतं, ते तर जन्मात पहिल्यांदा मला इतकं चांगलं ठाऊक आहे, आणि माझाच मुलगा माझ्यासमोर ते उलटं सांगतोय, असं त्यांना वाटलं. राग आला, पण शेषाद्रीचा नाही. आपल्या गळ्यातल्या त्या पट्टीचा.

"ठीक आहे, मत घेऊ," शेषाद्री म्हणाला. "पाटी काढावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा. एका घराचा एक."

विमलाचा हात वर गेला. तिच्या मागे एकही नाही. बायांनी नवऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्यांनी मोबाइलमध्ये. यामिनीने हात कोपरापर्यंत उचलला आणि केस नीट करून खाली घेतला. विमला तशीच उभी होती, हात वर, आणि तिचा चेहरा पडत चालला होता. शेषाद्रीने वही उघडून लिहायला घेतलं. "एक."

अक्कांनी गळ्यातली पट्टी डोक्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली. मग उजवा हात उचलला. तो खांद्यापाशी थांबला नाही. कानाच्याही वर गेला, सरळ, ताठ, बोटं पसरलेली, आणि सुंगुडीची जांभळी बाही कोपरापर्यंत घसरली.

मग मागे एक खुर्ची करकरली, आणि यामिनीचा हात वर आला, या वेळी पुरता. तिच्या शेजारणीचा आला. नवऱ्यांच्या माना वळायच्या आत पार्किंगभर बांगड्या वाजल्या.

शेषाद्रीचं पेन तसंच राहिलं. "अम्मा," तो म्हणाला. "अम्मा, तुझा हात..."

"बरा जाला रे. कवाच बरा जाला." अक्कांनी हात खाली घेतला नाही. "मला हीच आवडते. मोज आतां."