गोधडीखाली अडकलेले निरोप

मी एक जुने प्रथिन आहे. जुने म्हणजे पाच दिवसांचे. हसू नका मित्रांनो, आमच्यात हे पिकले वय. आंबागडच्या रुखमाच्या मेंदूतल्या, हातापायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या एका पेशीत माझा जन्म झाला. आरएनए नावाचे निरोप धरायचे आणि वेळेवर सोडायचे, हे माझे काम. त्या निरोपांवरूनच पेशी नवी प्रथिने घडवते.

धरणे-सोडणे माझ्या मर्जीवर नसते. अंगावर फॉस्फेटचा कण चिकटला की मी मोकळे फिरते. तो निघाला की आम्ही प्रथिने एकमेकांना बिलगतो आणि निरोप आत जपून ठेवतो. संकटात ते चांगलेच. पण फार वेळ बिलगून राहिलो तर गोळा घट्ट होतो आणि सुटताच येत नाही.

परवा रुखमा जंगलात बिड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडून भर दुपारी परतली ती अडखळत, आणि दारातच कोसळली. पेशी तापली. फॉस्फेट भराभर निघाले. आम्ही निरोप कवटाळून निवण्याची वाट पाहू लागलो.

कसले निवणे! सासू शकुबाईंनी तिची थरथर पाहिली. इथे थरथर म्हणजे हिवताप, हे घरोघरी पक्के. त्यांनी मायेनेच दोन गोधड्या घातल्या. मला त्यांचा फार राग आला. गोळा आवळत चालला. शेजारचे प्रथिन तर हलेनासे झाले.

तेवढ्यात रुचिता आली, गावची आशा आरोग्यसेविका. तिने हात लावला. अंग कोरडे, चटका बसावा इतके गरम.

"गोधड्या काढा मावशी. हिवताप नाही हा, तिले ऊन लागलं."

"थरथरून राहिली न ते. उघडी कायले ठेवू?"

रुचिता वाद घालत बसली नाही. तिने गोधड्या ओढल्या, रुखमाच्या अंगावर घागर ओतली, शकुबाईंना सुपाने वारा घालायला लावले आणि दवाखान्याची गाडी बोलावली.

पेशी हळूहळू निवली. फॉस्फेट पुन्हा चिकटले, माझी मिठी सुटली, निरोप कामाला लागले. शेजारचे मात्र सुटले नाही.

गाडी यायच्या आत रुखमाने डोळे उघडले. "काहून भिजवलं मले?" शकुबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

आज माझ्यावर युबिक्विटिनची खूण लागली, म्हणजे मला मोडायचे ठरले. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? एकच मागणे आहे. उन्हातून आलेले माणूस असे तापले तर पांघरूण घालू नका. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, दवाखान्यात न्या. उशीर झाला की आमच्यातली सगळी सुटत नाहीत. घास तोंडाशी नेताना रुखमाचा हात अजून चुकतो, मित्रांनो. शकुबाई तिला भरवतात.