पान चौदावरची चूक

खुट्ट झालं. चष्म्याचं घर मिटलं, आणि दुपारच्या गप्प खोलीत आई आणि छोटीनं एकदमच मान वर केली. आजोबा रिकामं घर उघडून मिटून चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मित्रांनो, तिथेच टेबलावर पडलेली मी एक जुनी स्मरणिका. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा माझा जन्म झाला. अंगावर जाड निळं कव्हर, पोटात चाळीस पानं. पण जन्मतःच माझ्यात एक खोट राहिली.

चौदाव्या पानावर दोन चित्रं होती, एक पंपाचं, दुसरं कारखान्यातल्या फिटरभाऊंचं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे काका अर्धं पान लावून जेवायला गेले, सुस्तावून परत आले आणि चित्रांखालच्या ओळींची अदलाबदल करून बसले. पंपाखाली छापलं गेलं, ‘अत्यंत मनमिळाऊ. बावीस वर्षांत एकही खाडा नाही.’ आणि फिटरभाऊंच्या हसऱ्या चेहऱ्याखाली, ‘वजन सव्वा टन. सुरू होताना थोडी कुरकुर करतो. दर सहा महिन्यांनी तेल घालावे.’

चूक ध्यानात आली तोवर माझी शिलाईसुद्धा झाली होती. मग बोटभर कागदावर शुद्धिपत्रक छापलं आणि प्रत्येक प्रतीत नुसतं सरकवलं. डिंक लावायला सवड कुणाला होती?

माझे पहिले मालक कारखान्याचे स्टोअरकीपर. त्यांनी माझ्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘फिटरभाऊ चार दिवस रुसले. वहिनी म्हणतात, छापखान्याचं काय चुकलं? आज त्यांना तेलाची बाटली भेट दिली, तेव्हा कुठे हसले.’

पुढे दिवस फिरले. मी रद्दीत गेले, एका लंगड्या टेबलाच्या पायाखाली दबले, शेवटी जुन्या पुस्तकांच्या गाडीवर ऊन खात पडले. तिथे एका बाईनं मला उचललं. चौदावं पान उघडून ती उभ्या उभ्या हसली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. ती फिटरभाऊंची मुलगी. छोटीची आई.

फिटरभाऊ म्हणजेच आताचे आजोबा. गेले काही महिने ते लेकीला नर्स समजून ‘सिस्टर’ म्हणतात. तिला वाटलं, स्वतःचा तरुण चेहरा दिसला तर त्यांना सगळं आठवेल. निदान लेकीचं नाव तरी.

तिनं त्यांचा चष्मा हलकेच खाली ओढला. “बाबा, ओळखा बघू कोण आहे हा.”

आजोबांनी चित्र पाहिलं, खालच्या ओळी वाचल्या आणि खुदकन हसले. “सव्वा टन? सिस्टर, याला कुणी वेळेवर तेल घालतं की नाही?”

“बाबा, ते तुम्ही आहात.”

“छे हो. मी फिटर. हा पंप आहे. लिहिलंय की खाली.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मित्रांनो, आम्हाला छापलंय तेवढंच बोलता येतं, आणि माझ्यात तर चुकीचंच छापलं होतं.

इतक्यात छोटीला शेवटच्या पानांत रुतून बसलेलं शुद्धिपत्रक सापडलं. तिनं अक्षर अक्षर लावत वाचलं, “पान चौदा. चित्रांखालील मजकूर एकमेकांच्या जागी छापला गेला आहे. वाचकांनी सुधारून घ्यावा.” मग टाळी वाजवून म्हणाली, “आजोबा, ती चूक आहे. तुम्ही पंप नाहीच.”

आई डिंकाची बाटली घेऊन आली. इतकी वर्षं राहून गेलेलं काम तिनं केलं. चिठ्ठी चौदाव्या पानावर नीट बसवली, तळव्यानं दाबली. आजोबांनी ती दोनदा वाचली.

“असं होय. म्हणजे हा फिटर.” त्यांनी चेहऱ्यावरून बोट फिरवलं. “चांगला दिसतो. बावीस वर्षांत खाडा नाही म्हणजे गंमत नाही. कुठं असतो हल्ली?”

आईनं डिंकाचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा सुटा कागद असेल, तर तो आजच चिकटवून ठेवा. उशीर झाला की चिकटतो खरा, पण वाचणारा तोच राहत नाही.

छोटी मात्र अजून चिठ्ठीकडेच पाहत होती.

“आई,” तिनं विचारलं, “आजोबांना लावायला अशी चिठ्ठी कुठे मिळते?”