डॉलराचं गाऱ्हाणं

दत्ताकाकाने गोणीत हात घातला, मूठभर काजू बी काढली, तळहातावर खुळखुळवली आणि बाबांकडे न बघताच म्हणाला, "डॉलर चढलो हा, सत्यवाना. किलोक शंभराच्या वर जमाचा नाय."

खळ्यात बी पसरणारी आई तिथूनच बोलली. "गेल्या वर्सा डॉलर उतरलो म्हणून शंभर. औंदा चढलो म्हणून शंभर. तो मेलो एका जाग्यार बसलो तर किती भाव दितलास?"

"वयनी, तसा नसता गो. उतरलो की भायरची बी स्वस्तात येता, मगे तुमची कोण घेतलो? आणि चढलो की डिझेल वाढता, भाडा वाढता. ता मी खंयसून काढू?"

"आमच्यातसून," आई म्हणाली.

दत्ताकाका हसला. तो आमच्याच आवाठातला, म्हणजे वाडीतला, बी घेऊन कारखान्याला घालतो. सोमवारी परत येतो म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला.

बाबा पायरीवर बसले. मग म्हणाले, "जागा मागणाऱ्या अननसवाल्याक हो म्हणान सांगतंय. भाड्यान डोंगर देऊन टाकूया. वर्साक ठरलेले पैसे तरी येतले."

"आणि झाडां?"

"अननसाक सावळी चालना नाय. तोडूची लागतली."

आईचा हात तिथेच थांबला. त्या उतारावरची काजूची सगळी कलमं तिने लावलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसता कातळ आणि करवंदाची जाळी होती. पहिली दोन वर्षं चैत्रात खालच्या व्हाळातून डोक्यावर कळशी घेऊन ती वर चढायची. ती रडली बिडली नाही. बी पसरत राहिली, पण आता एकाच जागी पसरत होती.

आता मी गप्प बसणारी नव्हे. मी संचिता, अकरावी कॉमर्स, आणि गॅदरिंगच्या वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून तर घरात माझ्या तोंडाला कुलूपच नाही. मी म्हटलं, "बाबा, दत्ताकाका उलटा सांगतासत. अमेरिकेची मोठी बँक आसा ना, तिना व्याज वाढवल्यान. व्याज जास्त म्हणून जगाचो पैसो थंय धावलो. आमचो रुपयो पडलो. म्हणजे आफ्रिकेतली बी हंय आणूक म्हाग. म्हणजे आमची बी म्हाग जाऊक व्हयी."

बाबांनी विचारलं, "मगे झाली कित्याक नाय?"

रात्रीचं जेवण होईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसले तेव्हा थोडं कळलं. आफ्रिकेतल्या काही देशांचं नाणं आपल्या रुपयापेक्षाही जोरात घसरलं होतं. त्यामुळे तिकडची बी अजून स्वस्तच पडत होती. म्हणजे व्याज वाढवणार अमेरिका, आणि भाव पडणार आफ्रिकेचाही आणि आमचाही. इतकी चीड आली मला. परीक्षेत हे लिहिलं की पाच गुण मिळतात. घरात कळलं की काहीच मिळत नाही.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे थंय पण कोणतरी सत्यवान पायरीर बसलो आसतलो."

दुसऱ्या दिवशी रविवार. काजू सरत आला की आमच्या आवाठातले सगळे रवळनाथाच्या देवळात जमतात आणि गाऱ्हाणं घालतात. म्हणजे भाईआजोबा देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं सांगतात आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा तोंडातून व्हय गेलं की ते देवासमोरचं.

पण औंदा भाईआजोबा नारळ हातात घेऊन उभेच.

"काय मागूचा ता आधी ठरवा," ते म्हणाले. "गेल्या वर्सा दत्ताराम म्हणालो, डॉलर खाली हा म्हणून भाव नाय. आमी डॉलर चढांदे म्हणून गाऱ्हाणा घातला. देवान आयकल्यान. चढवल्यान. आता तेकाच उतरव म्हणान सांगूक माका तोंड खंय हा?"

"उतरवा कसो?" विनीतदादा म्हणाला. तो बोटीवर असतो, सुट्टीला आलेला. "माझो पगार डॉलरात येता. माझ्या पगारार नारळ फोडतास?"

"तुझ्या एकट्याच्या पगारासाठी आमी म्हाग गॅस जाळूचो?" शेवंतीकाकी मागून म्हणाली.

"काकी, तू तर चुलीर रांधतंस."

"ता गॅस म्हाग आसा म्हणानच."

मग जो तो बोलायला लागला. वर, खाली, वर, खाली. दत्ताकाका खांबाला टेकून मजा बघत होता. तेच मला सहन झालं नाही. गाऱ्हाण्याच्या वेळी बायका मागे उभ्या राहतात, मी पुढे गेले.

"भाईआजोबा, डॉलर हंयच्या कोणाच्याच हातात नाय. तेच्याबद्दल काय मागू नका. दत्ताकाकांच्या हातात काय हा, तेवढाच मागा."

आणि काय ते त्यांच्या कानात सांगितलं. भाईआजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग दत्ताकाकाकडे, आणि घसा साफ केला.

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"डॉलर चढो नायतर उतरो, ता तुझा तू बघ."

"व्हय म्हाराजा."

"पण चढलो म्हणून भाव कमी आणि उतरलो म्हणून पण भाव कमी, असा जो कोण ह्या गावात सांगात, तेच्या घशात ता सांगणा अडकव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भाईआजोबांनी नारळ खाली घेतला. "कोणतरी एक रवलो. आवाज कमी पडलो."

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. दत्ताकाकाने इकडे तिकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

नारळ फुटला. पायऱ्या उतरताना त्याने मला गाठलं. राग होता, पण आवाज खालीच. "चेडवा, माका सकाळी कारखान्यातसून भाव येता. तेंका आणखी कोणतरी सांगता. तू माकाच धरलंस."

"तुमीच हाताक लागतास, काका," मी म्हटलं. यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सोमवारी टेम्पो आला. त्याने गोणी काट्याला लावली, भाव सांगायला तोंड उघडलं, आणि मधेच खोकला काढला. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो पाणी प्यायला, पुन्हा खोकला.

"एकशे आठ," तो म्हणाला. कारण काहीच सांगितलं नाही.

एकशे आठ म्हणजे काही दिवाळी नव्हे. खत, फवारणी, गड्याची मजुरी धरली तर हातात उरतं थोडंच. बाबांनी टेम्पो वळेपर्यंत वाट बघितली, मग फोन लावला. "औंदा ऱ्हवांदे," ते अननसवाल्याला म्हणाले. "फुडल्या वर्सा बघूया." आईने कोयता घेतला आणि डोंगराची वाट धरली.

मी तिच्यामागे गेले. ती एका कलमाच्या बुडातलं गवत कापत होती.

"आई, ती अमेरिकेची बँक पुढच्या आठवड्यात परत बसतली. व्याज काय करूचा ता ठरवूक."

"बसांदे," आई म्हणाली. "तू ती गवताची पाटी हंय घेवन ये."