भिंत ओलांडणारी चाल

या गोष्टीवर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही आणि तुम्हीही ठेवणार नाही, त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. ही समोर इस्त्री करत उभी आहे ती माझी सूनबाई, ती तर खऱ्यालाही नाक मुरडते. पण मी कोर्टात बेलिफ होतो. समन्स बजावणं, जप्ती आणणं हे माझं काम. तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आमच्या गल्लीत एका भिंतीच्या अलीकडे ट्रम्पेटवाला राहायचा आणि पलीकडे घड्याळजी. ट्रम्पेटवाल्यानं स्वतः एक चाल बांधली होती. ती तो रोज दुपारी वाजवायचा, आणि फुंकर अशी की दोरीवर वाळत घातलेले सदरे बाह्या पसरून नाचायचे. घड्याळजीला कामात शांतता हवी. कानाला घड्याळ लावून टिकटिक ऐकायला जावं, तर ऐकू यायचा ट्रम्पेट. पुढे पुढे दुकानातली घड्याळंच त्या तालावर पळायला लागली. त्याची गिऱ्हाइकं जिथे तिथे वेळेआधी पोचू लागली. एक दाताचा डॉक्टर तर पेशंट यायच्या आधीच दात काढून मोकळा झाला.

घड्याळजी तडक कोर्टात गेला. म्हणाला, हे अतिक्रमण आहे, वाद्य कायमचं काढून घ्या. निकाल लागेपर्यंत ट्रम्पेट कोर्टाच्या ताब्यात ठेवायचा हुकूम निघाला आणि तो आणायला गेलो मी. मुद्देमालाला सील करावं लागतं, आणि मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. भोंग्यात गरम लाख ओतली, अगदी काठोकाठ, आणि वर मोहोर ठोकली. ट्रम्पेटवाला बघत उभा. तसा तो दिवसाकाठी चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी, पण त्या दिवशी बोलला.

"बेलिफसाहेब, हा गेला तर मी बोलायचं कशानं?"

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सूनबाई, हसू नकोस, तेव्हा जात नसे.

सुनावणीच्या दिवशी जज्जसाहेबांनी आधी शब्दांचा गुंता सोडवायला घेतला. चष्मा पुसत ते जे म्हणाले ते मला अजून पाठ आहे.

"कायद्यातला नियम मोडला, तर उल्लंघन. दुसऱ्याच्या हद्दीत घुसलं, तर अतिक्रमण. दुसऱ्याच्या मालकीचं त्याला न विचारता वापरलं, तर हक्कभंग. यातलं झालंय काय, तेवढं सांगा."

दुपारी ट्रम्पेट वाजवू नये असा नियम कुठेच नव्हता, त्यामुळे उल्लंघन बाद झालं. राहिलं अतिक्रमण. घड्याळजीचा वकील म्हणाला, चाल भिंत ओलांडून आत शिरते. जज्जसाहेब म्हणाले, शिरते कशी ते बघू, वाजवा.

ट्रम्पेटवाल्यानं ट्रम्पेट ओठांना लावला आणि जीव ओतून फुंकला. काय सांगू तुम्हाला, छताचे पंखे उलटे फिरले. साक्षीदाराचा पिंजरा ठुमकायला लागला. मुखडा संपवून तो दम घ्यायला थांबला, तर पुढचा अंतरा शिट्टीवर कोण वाजवतंय? घड्याळजी. डोळे मिटून, बिनचूक. घड्याळं दुरुस्त करताना रोज हीच शिट्टी मारायचा आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

ट्रम्पेटवाला हळूच म्हणाला, "साहेब, चाल माझी आहे. यांनी मला विचारलं नाही."

हा हक्कभंग, असं जज्जसाहेब म्हणाले आणि मध्येच थबकले, कारण टेबलाखाली त्यांचाच पाय ताल धरत होता, आणि दोन्ही वकील आणि मीही तीच चाल गुणगुणत होतो. मग त्यांनी निकाल सांगितला. घरात शिरलेल्या चालीला घड्याळजीनं इतक्या प्रेमानं ठेवून घेतलंय, तेव्हा अतिक्रमणाची तक्रार निकालात निघाली. हक्कभंग मात्र सिद्ध झाला. घड्याळजीकडून, दोन्ही वकिलांकडून, माझ्याकडून आणि खुद्द जज्जसाहेबांकडून झालेला. शिक्षा एकच, मालकाला विचारून सगळ्यांनी ती चाल शेवटपर्यंत म्हणायची.

मालकानं मान डोलावली. ट्रम्पेट तिथल्या तिथे त्याच्या हवाली झाला आणि अख्खं कोर्ट नाचत रस्त्यावर आलं. पुढे घड्याळजी शिट्टी मारतोय, मध्ये जज्जसाहेब झगा सावरतायत, मागे ट्रम्पेट असा खणखणतोय की पोलिसानं शिट्टी खिशात घातली आणि...

सूनबाईनं इस्त्री उभी केली.

"बाबा, भोंग्यात तुम्ही काठोकाठ लाख ओतली होती ना? मग तो वाजला कुठून?"