लटारूचे पाय आणि पोचूभाऊंचा बैल

पोचूभाऊ बाभळीचा काटा घेऊन लटारूच्या पायाशी बसले, तेव्हा आम्ही भाताच्या रोवण्याला आलेल्या बाया शेताच्या धुऱ्यावर शिदोरी सोडत होतो.

लटारू मागे टोळी, म्हणजे मोहाची फळं, झोडायला धुऱ्यावरच्या मोहावर चढला आणि वरून पडला. पाठीचा कणाच मोडला. कमरेखाली त्याला काही कळत नाही, पण पाय मात्र आगीत घातल्यासारखे जळतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं, दुखणं खरं आहे. त्याची बायको वच्छला पायांवर गोणपाटाचा ओला बोरा टाकायची आणि जवळ बसून राहायची. पण पोचूभाऊ तिचे थोरले भाऊ, राहायला गावातच. आपल्या डोक्यात मावत नाही ते त्यांना खरं वाटतच नाही. ज्याला ओलं-कोरडं समजत नाही त्याच्यासाठी बोरा काय भिजवतेस, असं त्यांनी बहिणीच्या मनात भरवलं. तेव्हापासून बोरा कोरडाच होता. जळणं एक वेळ सोसलं असतं लटारूनं, पण बायकोनं आपल्याला खोटं ठरवलं हे त्याला फार लागलं होतं.

पोचूभाऊ माणूस मात्र वाईट नाहीत हो. सकाळी त्यांनीच बहिणीच्या नवऱ्याला, आपल्या जावयाला, पाठीवर घालून भाताच्या बांधीवर आणलं होतं आणि त्याच मोहाच्या सावलीत बाजेवर बसवलं होतं.

लटारू भाताचा घास घेतो न घेतो तोच पोचूभाऊंनी काटा टोचला. लटारू आपला खातोच आहे.

"पाह्य वच्छे. समजलं का यायले?"

"काय समजलं?" लटारूनं वाकून पाहिलं. पायावर रक्ताचा थेंब. "हा माया पाय हाय का लाकडाचा ठोकळा?"

"काटा समजत नाई, मंग जळते कसं? सांगा जवाई."

"मले का मालूम? जळते म्हून जळते म्हन्तो."

"हे नाटक हाय. रोवन्याच्या दिवसात कोनालेबी जळते."

वच्छला खाली मान घालून कांदा फोडत होती. लटारू तिच्याकडे बघत होता, ती वर बघत नव्हती.

जिंकल्यासारखं तोंड करून पोचूभाऊ जेवायला बसले. जेवण होत आलं. शेवटचा घास त्यांनी मुठीत धरला, मागे वळले आणि हात लांब करून म्हणाले, "ये चांद्या, ये रे."

मागे कोणी नव्हतं. त्यांचा चांद्या बैल उन्हाळ्यातच मेला. यंदा बांधीत चिखल करून गेला तो भाड्याचा ट्रॅक्टर होता.

आम्ही बाया हसलो. पोचूभाऊंचा हात तसाच राहिला.

लटारू सावकाश पाणी प्याला. "भाऊ, चांद्या कुठी हाय?"

"कुठी म्हंजे? नाल्यापाशी पुरला. तुमालेबी नेलं होतं."

"मंग हाक काऊन मारली?"

"तोंडातून निंगाली." मग हातातल्या घासाकडे बघत म्हणाले, "रोजच निंगते. पहाटे गव्हानीत तनीस टाकून देतो, मंग ध्यानात येते."

"माये पायबी तसेच हायेत, भाऊ. गेले, पन हाका मारून राह्यले."

पोचूभाऊंनी तो घास धुऱ्यावर ठेवला आणि रोपांच्या पेंढ्या वाटायला बांधीत उतरले. वच्छलानं पहिल्यांदा वर पाहिलं.

दिवस मावळताना मी वच्छलाच्या टोपलीत राहिलेला माझा डबा आणायला लटारूच्या घरी गेले. पोचूभाऊ ओसरीत पाणी गळणारा बोरा घेऊन उभे. जमीन सगळी भिजवून टाकली होती.

"कोनता जळते, जवाई?"

"आज डावा गजब जळते."

पोचूभाऊ लटारूच्या समोर तोंड करून बसले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडचा पाय धरला आणि बोरा घट्ट गुंडाळला. तो लटारूचा उजवा होता.

"थंड वाटते का?"

लटारूनं पायाकडे पाहिलं, मग बायकोकडे. वच्छला पदर तोंडाला लावून हसत होती, हसता हसता येऊन त्याच्या बाजेवर टेकली.

"वाटते ना भाऊ," लटारू म्हणाला. "आता वाटते."

बोरा कोणी हलवला नाही.