विमानातल्या सीटचा पंचनामा

नागोराव तीस वर्षं गावचे कोतवाल होते. तलाठी यायचा, बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचा, आणि टेपचं दुसरं टोक धरून काट्याकुट्यांतून चालायचे ते नागोराव. गारपीट झाली, नाला फुटला, कुणाच्या गंजीला आग लागली, की पंचनामा. आणि पंचनाम्याखाली एक सही ठरलेली, नागोरावांची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खिशात कोरा कागद आणि पेन असायचंच. माणूस जावो की म्हैस, आधी पंचनामा आणि मग रडणं, हा त्यांचा धर्म.

म्हणून बायकोची सीट विमानात मोडली तेव्हा त्यांनी दुसरं काही केलं असतं तरच नवल.

मुलगा अमर बंगळुरूला नोकरीला. त्यानं आईबापाला नागपूरहून विमानाची तिकिटं काढून दिली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय पसरायला जागा हवी, म्हणून जास्तीचे बाराशे बाराशे भरून अगदी पहिल्या रांगेतल्या सीटा घेतल्या. बेबीताई वाटेच्या बाजूला, नागोराव शेजारी. विमान वर गेलं, ढग खाली राहिले. बेबीताईंनी देवाचं नाव घेतलं आणि जरा मागं टेकल्या. कट्‌कन आवाज झाला आणि सीटची पाठ त्यांच्यासकट मागच्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडली.

"अवो माय! कुठी चालली मी!"

मागच्या माणसाचा चहा सांडला तो नेमका पँटवर. हे मधुसूदनराव, यवतमाळच्या एका बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. ते ओरडले, "अहो काकू, विमान आहे हे, बाज नव्हे!"

हवाई सुंदरी धावत आली. छातीवर निशिगंधा अशी पाटी. तिनं सीट तीनदा उभी केली, सीट तीनदा आडवी झाली. विमान गच्च भरलेलं, दुसरी जागा नाही. तिनं एक उशी आणून दिली आणि गोड आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही जरा जास्त जोर दिला का?"

"जोर?" बेबीताई म्हणाल्या. "पोरी, टेकाले नाही तं सीट कायले असते? पाहाले?"

नागोराव तोवर खाली वाकले होते. सीटच्या सांध्याचा खिळा जागेवर नव्हताच. त्याच्या जागी प्लास्टिकची पट्टी आवळलेली होती, वायरी बांधायची असते तसली. मळून काळी झालेली, आणि आता तुटलेली. म्हणजे ही सीट कधीचीच मोडली होती आणि कंपनीनं ती बांधून चालवली होती. जीपवाले दार बांधतात तशी. फरक एवढाच, की जीपवाला त्या दाराजवळ बसायचे बाराशे जास्तीचे मागत नाही.

"हात लावू नका कोणी," नागोराव उठून म्हणाले. "मौक्याची जागा जशी हाय तशी राहू द्या." त्यांनी कागद काढला. "पोरी, पूर्व कोणत्या अंगाले?"

निशिगंधाला पूर्व माहीत नव्हती. पण सकाळची वेळ होती, डाव्या खिडकीतून ऊन येत होतं, आणि कोतवालाला तेवढं पुरे होतं. त्यांनी लिहिलं: 'चतुःसीमा. पूर्वेस नवरा, पश्चिमेस येण्याजाण्याची वाट, दक्षिणेस भिंत, उत्तरेस मधुसूदनरावांची मांडी. सदर सीट पूर्वीच मोडलेली असून प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली आढळली. पट्टी जुनी व मळकी. डोक्यावरचा दिवा बंद होत नाही. सीटच्या हातातला ट्रे उघडत नाही.'

"अहो, हे काय चाललंय?" मधुसूदनराव पँट पुसत म्हणाले.

"पंचनामा हाय, साहेब. तुम्ही पंच नंबर एक."

"मी कशाला?"

"उत्तर हद्द तुमचीच हाय नं जी."

मधुसूदनरावांनी पट्टी वाकून पाहिली, मग ओली पँट पाहिली, आणि सही केली. त्यांच्या बायकोनं, पद्मजाबाईंनी केली. आसपासच्या तिघांनी केली. निशिगंधा म्हणाली, कंपनीची परवानगी नाही. नागोरावांनी तेही लिहिलं: 'सही करण्यास नकार.' असा शेरा लिहिला की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं.

उरलेला तासभर बेबीताई पंगतीत बसल्यासारख्या ताठ बसल्या. पाठ भरून आली की मधुसूदनराव बिचारे दोन्ही गुडघे लावून सीट तोलून धरायचे. थोडक्यात, सीटचे पैसे कंपनीनं घेतले आणि सीटचं काम बँकेच्या साहेबानं केलं.

अमरनं तक्रार पाठवली. सोबत पंचनाम्याचा फोटो. गावी परत आल्यावर महिनाभरानं उत्तर आलं. महागावापासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात असलं वाचायचं म्हणजे पियुषच्या सेवा केंद्रात. तिथं आधारचा अंगठा द्यायला सहा जण बसलेले. पियुषनं मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं: तुम्हाला झालेल्या गैरसोयीची आम्हाला जाणीव आहे. पुढच्या तिकिटावर साडेसातशेची सूट घ्यावी. मात्र आमच्या नोंदीप्रमाणे प्रवासी महिलेनं प्रमाणाबाहेर जोर दिल्यानं सीट मोडली.

"प्रमाणाबाहेर म्हंजे?" बाकावरच्या विमलताईंनी विचारलं. या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांचा अंगठा त्या दिवशी मशीननं घेतला नाही, पण बातमी त्यांनी घेतली. संध्याकाळपर्यंत गावात झालं: बेबीताईनं इमान मोडलं.

पिठाच्या गिरणीवर बाया तोंडाला पदर लावू लागल्या. महागावच्या जीपवाल्यानं सांगितलं, "काकू, तुम्ही मधात बसा, गाडी एका अंगानं झुकते." बेबीताई हसल्या, पण त्या दिवसापासून जीपमध्ये बसल्या नाहीत. गटाच्या बैठकीला जाणं सोडलं. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरही बसेनात. ऑपरेशनच्या गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, म्हणून ओट्याशी उभ्यानं जेवू लागल्या.

"अवो, बस नं खुर्चीवर," नागोराव म्हणायचे.

"थे बी मोडली तं?"

अमरनं फोनवर सांगितलं, "बाबा, सोडून द्या. सूट घ्या अन् मोकळे व्हा."

"मले सूट नको," बेबीताई मागून म्हणाल्या. "मी मोडली नाही, एवढं लिहून द्या म्हना."

एवढंच. पण एवढंच देणं कंपनीला सगळ्यांत महाग होतं. नागोरावांनी यवतमाळला ग्राहक आयोगात अर्ज टाकला. कंपनीचा लेखी जबाब आला, चांगला अकरा पानांचा. त्याचं सार असं: विमानात एकशेऐंशी सीटा. त्यांतल्या एकशेएकोणऐंशी ठीक. विमान वेळेवर पोचलं. एकूण सेवेचा विचार करता नुकसान एक टक्काही नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

चहाच्या टपरीवर नागोरावांनी हे संतापून सांगितलं. ऐकणाऱ्यांत तांड्यावरचा खेमसिंग होता. त्यानं बशी खाली ठेवली.

"मंग बराबर हाय नं, कोतवाल," तो म्हणाला. "बाकी इमान तं चांगलं होतं नं?"

"काय बोलून राह्यला तू?"

"मी नाही, तुम्हीच बोलले होते. माह्या तीन एकरांत नाला शिरलता, पराटीचं एक बोंड राह्यलं नव्हतं. विम्याचे पैसे काहून नाही आले म्हनून इचारलं, तं तुम्ही म्हनाले, खेमसिंग, तुहं गेलं, पर बाकी मंडळातल्या गावाईचं पीक तं चांगलं हाय. सरासरी बसत नाही." त्यानं बिडी शिलगावली. "आता तुमचीबी सरासरी बसली नाही."

टपरीवर सगळे हसले. नागोरावांनी मात्र चहा तसाच ठेवला. खेमसिंगच्या शेताच्या पंचनाम्यावर त्यांची सही होती. तलाठ्यानं सांगितलं तिथं केलेली, न वाचता. तीस वर्षांत अशा किती केल्या ते आठवू लागले आणि मोजणं लवकरच सोडून दिलं. दुसऱ्यानं काढलेली सरासरी पाठीला कशी लागते, हे कळायला त्यांना विमानात बसावं लागलं.

तारखेला दोघं यवतमाळला गेले. पुकारा व्हायच्या आधीच व्हरांड्यात कंपनीचे वकील भेटले. श्रेयस नाव, पोरसवदा, कोट कडक इस्त्रीचा. त्यांनी आदरानं बेबीताईंना बाकाकडे हात केला. त्या उभ्याच राहिल्या.

"काका, कशाला हेलपाटे घालता? कंपनी पंधरा हजार द्यायला तयार आहे. आजच. इथं सही करा."

नागोरावांचा हात सवयीनं पेनाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी चष्मा लावला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला. वाचायला वेळ लागला. वकील घड्याळ पाहत राहिले.

"काय लिवलं हाय?" बेबीताईंनी विचारलं.

"लिवलं हाय, का कंपनीची काही चूक नाही. अन् पैसे घेतल्यावर आपुन यातलं कोनापाशी काहीच बोलाचं नाही. कधीच."

बेबीताई वकिलांकडे वळल्या. "काहून जी, पैसे देता म्हंजे मी मोडली नाही नं सीट?"

"तसं आम्ही म्हणत नाही, काकू."

"मंग मी मोडली?"

"तसंही म्हणत नाही."

"मंग मोडली कोनं? यमानं?"

वकील हसले. कोटाची बाही सारखी केली. "काकू, प्रॅक्टिकल व्हा. पंधरा हजारांत अशा चार चांगल्या खुर्च्या येतील."

"खुर्च्या येतीन, बावा," बेबीताई म्हणाल्या. "पर गाव म्हनन का इनंच मोडली, अन् मी पंधरा हजार खाऊन मुकाट्यानं ऐकू? माहं तोंड इकाले काढलं नाही मी. वापस घ्या तुमचा कागद."

नागोरावांनी कागद परत केला. आत पुकारा झाला, वकिलांनी मुदत मागितली, दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. पंधरा हजार व्हरांड्यातच राहिले.

परतीच्या आर्णीमार्गे महागावच्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस-सोयाबीनवाले, दवाखान्यातून परतणारे, अर्ध्या तिकिटात निघालेल्या बाया. आणि तिसऱ्या बाकावर, डोळे तपासून आलेल्या विमलताई.

"अवो बेबीताई! कोर्टात गेलत्या म्हने. काय झालं वो?" हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं, की ड्रायव्हरनंही आरशात पाहिलं.

नागोरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ही आता खिडकीकडे तोंड करेल. बेबीताईंनी वरचा दांडा धरला, पदर खोचला, आणि सुरुवात केली ती नागपूरच्या विमानतळापासून. पट्टी सांगितली, चहा सांगितला, मधुसूदनरावांची मांडी सांगितली. बस आर्णीला पोचेपर्यंत कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरून उभा होता.

"मंग, किती भेटले?" मागून कुणीतरी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हंजे हारले?"

"पंधरा हजार देऊन राह्यलते. म्या नाही घेतले. म्हने, कोनापाशी बोलाचं नाही."

पैसे घेणारा कोण, देणारा कोण आणि फुकट काय मिळतं, याचा हिशेब या जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

"पंधरा हजार?" टोपीवाला एक म्हातारा म्हणाला. "बाप्पा! कंपनी कोनाले पंधरा रुपये फुकट देत नाही. सीट त्याहिचीच मोडकी होती, पक्कं."

"हो नं!" कंडक्टर म्हणाला. "नाही तं तोंड काहून बंद करतीन?"

"त्याहिनंच मोडली!" मागच्या बाकावरून दोघं एकदम म्हणाले. निकाल लागला. ना जबाब, ना तारीख, ना मुदत.

विमलताईंनी इकडेतिकडे पाहिलं. वारा कुठला आहे ते त्यांना डोळ्यांत औषध असतानाही दिसत होतं.

"मी तं पयलेच म्हनत होती, बाई," त्या म्हणाल्या. "आपली बेबीताई काहून मोडन?"

"हो वो," बेबीताई म्हणाल्या, "तूच म्हनत होती. गिरनीवर, हापशीवर, गटाच्या बैठकीत. उद्या बैठक हाय नं? येतो मी. तिथं सगळ्याईसमोर अजून एकदा म्हनजो."